हरलेल्या पोरांना बोलायचा हक्क कोणाचा?

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीच्या विलोमूर पार्कवर एकोणीस वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ऑस्ट्रेलियाने ७ बाद २५३ धावा केल्या. भारताचा डाव ४३.५ षटकांत १७४ धावांवर आटोपला आणि आपण ७९ धावांनी हरलो. या संघात बीडचा सचिन धस होता, सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी होता, मुंबईचा मुशीर खान होता, आणि मुख्य प्रशिक्षक होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर. त्यामुळे हा पराभव पुण्यात जरा जास्तच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कसबा पेठेत माघी गणेश जयंतीची लगबग चालू होती. जयंती एका दिवसावर आली होती. तांबट आळीत नेहमीप्रमाणे हातोड्यांचा ठोका सुरू झाला होता. जवळच्याच एका वाड्याच्या ओट्यावर आत्या आणि भाच्याची जुंपली होती. आत्या निवृत्त क्रीडाशिक्षिका, सगळी नोकरी शाळेतल्या मुलामुलींना खो-खो आणि क्रिकेट शिकवण्यात गेलेली. भाचा मंडळाचा कार्यकर्ता, पेठेतल्या टेनिस बॉल संघाची सगळी उस्तवार करणारा, क्रिकेटचा एकही सामना न चुकवणारा. दोघांचं प्रेम एकाच खेळावर, पण मतं दोन टोकांची. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, म्हणून ते इथे मांडत आहे.

भाचा : आत्या, तू काहीही म्हण, मला रात्री झोप लागली नाही. आठ महिन्यांत ही तिसरी फायनल घालवली आपण. ११ जूनला ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाची, २०९ धावांनी. १९ नोव्हेंबरला अहमदाबादला, भरलेल्या मैदानात, सहा गडी राखून त्यांनी आपल्याला हरवलं. आणि काल ही. तिन्ही वेळा समोर ऑस्ट्रेलिया. आम्ही किती वेळा गप्प बसायचं?

आत्या : तिसरी कोणाची? या मुलांची ही पहिलीच होती. ओव्हलवर ही पोरं नव्हती, अहमदाबादलाही नव्हती. नोव्हेंबरातला राग तू मनात धरून ठेवलास आणि काल सगळा यांच्या पदरात टाकलास. रोहितच्या संघाची उधारी सचिन धसने का म्हणून फेडायची?

भाचा : संघ वेगळा असेल, पण छातीवर नाव एकच आहे. भारताच्या नावाने उतरलात की भारताच्या लोकांना जाब द्यायला हवा. आणि ही काही गल्लीतली पोरं नाहीत. डिसेंबरात आयपीएलच्या लिलावात अर्शिनला लखनौने २० लाखांना घेतलं. वीस लाख रुपये! पेठेतल्या किती घरांनी एवढी रक्कम एकरकमी पाहिली असेल? पैसा मोठ्या माणसाचा घ्यायचा आणि टीका आली की लहान व्हायचं, हे मला पटत नाही.

आत्या : पैसा त्याने मागून घेतला नाही, बाजाराने त्याला मोल लावलं. त्याला एकोणीस पूर्ण व्हायला अजून तीन दिवस आहेत. बाजार अठराव्या वर्षी किंमत लावतो म्हणून माणूस अठराव्या वर्षी पिकत नाही. सोलापुरातून आलेल्या मुलाच्या हातात एकदम पैसा, नाव, कॅमेरे सगळंच येतं, तेव्हा त्याला सांभाळून घेणारी माणसं जास्त लागतात.

भाचा : सांभाळून घेणं वेगळं आणि चुकीवर पांघरूण घालणं वेगळं. तू काल सामना पाहिलास ना? मग सांग, त्यात काय सांभाळून घेण्यासारखं होतं? २५४ करायचे म्हणजे षटकाला पाचच्या थोडं वर. आदर्श सिंगने ४७ केल्या, पण ७७ चेंडू खाल्ले. अर्शिन ३, कर्णधार उदय सहारन ८, सचिन ९. ९१ धावांवर सहा गडी गेले होते. मग आठव्या नंबरला आलेल्या मुरुगन अभिषेकने ४२ केल्या, म्हणून १७४ तरी दिसले. नाहीतर सव्वाशेतच गुंडाळले गेलो असतो.

आत्या : पाहिला. पहिल्या चेंडूपासून पाहिला. आणि म्हणूनच सांगते, त्या धावफलकात जे दिसत नाही तेही बघ. बेनोनीच्या खेळपट्टीवर चेंडू उसळत होता. त्यांच्याकडे विडलर, स्ट्रेकर, बियर्डमन, अँडरसन असे चार उंचेपुरे वेगवान गोलंदाज. बियर्डमनने सात षटकांत फक्त १५ धावा देऊन तीन गडी घेतले. आपली मुलं ज्या खेळपट्ट्यांवर वाढतात, तिथे चेंडू गुडघ्याच्या वर यायला कुरकुर करतो. कंबरेच्या वर सतत येणारा चेंडू सोडायचा की खाली ठेवायचा, हे अंगवळणी पडायला वर्षं जातात. शिबिरात महिनाभर सांगून ते येत नाही.

भाचा : मग सहा सामने सलग कसे जिंकले? बांगलादेशला ८४ धावांनी, आयर्लंडला २०१, अमेरिकेला २०१, न्यूझीलंडला २१४, नेपाळला १३२. सगळे त्याच दक्षिण आफ्रिकेत. तेव्हा उसळी आड आली नाही का?

आत्या : तिथेच तर सगळी ग्यानबाची मेख आहे. दोनशे धावांनी जिंकलेल्या सामन्यात तुमच्या फलंदाजीची परीक्षा होतच नाही. पहिले चार-पाच जण धावा करतात, सहावा-सातवा पॅड बांधून बसून राहतो. मधल्या फळीला दबावाखाली फार वेळ उभं राहायला मिळालंच नव्हतं. मिळालं ते फक्त उपांत्य सामन्यात.

भाचा : तो सामना मी विसरणार नाही. दक्षिण आफ्रिकेने २४४ केल्या आणि आपले ३२ वर चार गेले. मी टीव्ही बंद करणार होतो.

आत्या : आणि मग काय झालं?

भाचा : सचिन धस ९६, उदय ८१. दोघांची १७१ धावांची भागीदारी. सात चेंडू आणि दोन गडी राखून जिंकलो. त्या आधी नेपाळविरुद्ध दोघांनीही शतकं ठोकली होती, सचिनचं ११६. त्या दिवशी आपण सगळे म्हणत होतो की बीडचा पोरगा मोठा होणार.

आत्या : ती उपांत्य लढत ६ फेब्रुवारीला झाली. अंतिम सामना ११ ला. पाच दिवसांत त्या मुलाच्या अंगातलं क्रिकेट आटलं का? मंगळवारी तो तुमचा तेंडुलकर होता, रविवारी रात्री तुम्हीच त्याला नावं ठेवत होता. त्याच्या वडिलांनी तेंडुलकरवरून त्याचं नाव ठेवलं, तो दहा नंबरची जर्सी घालतो, एवढं सगळ्यांना ठाऊक. पण बीडमध्ये चांगल्या टर्फ विकेटची सोय ती कितीशी असणार, तिथून तो इथवर आला कसा, हे किती जणांनी विचारलं?

भाचा : त्याच्या कष्टाबद्दल मी ब्र काढलेला नाही. माझा मुद्दा निराळा आहे. मी तुला उलट विचारतो. एखाद्याचा फटका चुकला असं म्हणणं म्हणजे त्याचा अपमान का? मला तर वाटतं, ‘लहान आहे, जाऊ दे’ म्हणणं हाच खरा अपमान. जो मुलगा उसळत्या चेंडूवर १७१ धावांच्या भागीदारीत उभा राहतो, त्याला मी पूर्ण खेळाडू मानतो. पूर्ण खेळाडू मानतो म्हणूनच त्याच्या चुकीवर बोलतो. ‘बिचारा’ म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरवायला मी काही त्याचा मामा नाही.

आत्या : हे मात्र तू बरोबर बोललास. दयेने कोणी मोठा होत नाही, मैदानावर तर नाहीच नाही. पण मग बोलताना खेळावर बोल. ‘मागच्या पायावर गेला नाही’, ‘एकेरी धावा काढून स्ट्राइक बदलला नाही’, असं म्हण. काल रात्री चौकात मी ऐकत होते. ‘यांना घाम फुटतो’, ‘यांची लायकी नाही’, ‘आयपीएलने डोक्यात हवा गेली’. यातलं क्रिकेट कोणतं? हे सगळं मुलाच्या स्वभावावर, त्याच्या नियतीवर होतं.

भाचा : राग आला की माणूस तोलून मापून बोलत नाही. चाहत्याने प्रशिक्षकासारखं बोलावं ही अपेक्षाच चुकीची आहे. मैदानं भरतात, प्रक्षेपणाचे हक्क विकले जातात ते आमच्या वेडावर. आनंदात आम्ही बेभान झालेलं चालतं, ढोलताशे चालतात. दुःखात तेवढे शहाण्यासारखे वागा म्हणायचं? २००० मध्ये कैफ, २००८ मध्ये कोहली, २०१२ मध्ये उन्मुक्त चंद, २०१८ मध्ये पृथ्वी शॉ, २०२२ मध्ये यश धुल. पाच वेळा या मुलांनी कप आणला तेव्हा डोक्यावर घेतलं कोणी? आम्हीच ना?

आत्या : घेतलंत खरं. आता त्या पाचांपैकी उन्मुक्त चंदचं पुढे काय झालं ते सांग.

भाचा : टाउन्सव्हिलला अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १११ केल्या होत्या त्याने. भारताच्या मुख्य संघात मात्र एकदाही आला नाही. अमेरिकेला गेला.

आत्या : आणि २००६ मध्ये कोलंबोला पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात जो संघ हरला, त्यात कोण होतं? पाकिस्तानला १०९ वर गुंडाळलं आणि स्वतः ७१ वर बाद झाले. एका वेळी ९ धावांत सहा गडी गेले होते. कालच्यापेक्षा कितीतरी लाजिरवाणी हार. त्यात पुजारा शून्यावर बाद झाला. रोहित शर्मा चारवर. जडेजाही त्याच संघात होता. त्या रात्री कोणी म्हणालं असतं की यांच्यात दम नाही, तर धावफलक पाहून ते खरंच वाटलं असतं.

भाचा : आत्या, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो अर्धवट आहे. तू तीन नावं निवडलीस. त्याच संघाचा कर्णधार रविकांत शुक्ल होता. तो कुठे गेला? बाकीचे कुठे गेले? हरलेल्यांतले तीन जण मोठे झाले म्हणून हार चांगली ठरत नाही. आणि आपल्याच जालन्याचा विजय झोल घे. कूचबिहार करंडकात नाबाद ४५१. २०१४ ला एकोणीस वर्षांखालच्या संघाचा कर्णधार. संघात संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने हरवलं, पाच चेंडू बाकी असताना. सॅमसन, अय्यर, कुलदीप पुढे गेले, झोल मागे राहिला. मराठवाड्यातून मुलगा येतो, आपण त्याचं कौतुक करतो, एक धक्का बसतो आणि मग तो दिसेनासा होतो. म्हणून मला सचिन धसची काळजी वाटते. माझ्या रागामागे ही काळजी आहे, हे तू समजून घे.

आत्या : आता तू मुद्द्यावर आलास. मी हार चांगली असं म्हणतच नाही. एवढंच म्हणते, की एकोणिसाव्या वर्षीच्या एका निकालावरून कोणाचंही काही ठरत नाही. जिंकलेला कर्णधार हरवला, हरलेला कर्णधार हरवला. शून्यावर बाद झालेला पुजारा पुढे शंभरहून जास्त कसोटी खेळला. क्रिकेट मंडळानेही २०१६ पासून नियम केला, की आपला मुलगा हा विश्वचषक एकदाच खेळेल. द्रविड तेव्हा या मुलांचा प्रशिक्षक होता. त्यामागचा विचार असा, की ही स्पर्धा शिकायची जागा आहे, इथे मुक्काम ठोकायचा नाही.

भाचा : एकदाच खेळायला मिळतं म्हणून तर जास्त लागतं! या मुलांना परत संधी नाही. उदय सहारनने स्पर्धेत सर्वाधिक ३९७ धावा केल्या, सौम्य पांडेने १८ गडी घेतले. एवढं करून शेवटच्या दिवशी हातातून गेलं, आणि आता ते आयुष्यभर तसंच राहणार.

आत्या : मग ज्यांना सर्वांत जास्त लागलंय त्यांच्यावरच ओरडायचं का? तुला एक घडलेलं सांगते. शालेय खो-खोची स्पर्धा होती. शेवटचा डाव, शेवटचं मिनिट. माझ्या संघातली एक मुलगी आक्रमणात होती, समोरची धावपटू हाताच्या टप्प्यात. तिला टिपली असती तर बरोबरी झाली असती. हिने घाईत दिशा मोडली, पंचांनी फाउल दिला, गडी निसटला. एका गुणाने हरलो. मैदानाच्या फाटकाशी मोठी माणसं उभी होती, काहींची स्वतःची मुलं संघात होती. ती पोर बूट हातात घेऊन बाहेर पडत होती, आणि ती माणसं तिच्या देखत म्हणाली, हिच्यामुळे गेलं. पुढच्या आठवड्यात ती सरावाला आली नाही. त्याच्या पुढच्याही आली नाही. संघातली सर्वांत चपळ मुलगी होती ती.

भाचा : पण आत्या, चूक तिचीच होती ना? तू तिला ते सांगितलं की नाही?

आत्या : सांगायचं होतं. त्या दिवशी नाही, दोन दिवसांनी मैदानावर, खांबापासून पळवून, दिशा कुठे मोडली ते दाखवून. ते सांगायला ती समोर यायला हवी होती. फाटकावरच्या माणसांनी माझं काम अवघड करून ठेवलं. चूक त्यांना दिसली ती बरोबरच दिसली, पण ती सुधारायला त्यांच्यातलं कोणीही दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर येणार नव्हतं. मी एवढंच शिकले, की जो उद्या सकाळी सरावाला हजर असतो त्याने आज रात्री बोलावं. बाकीच्यांनी थोडं थांबावं.

भाचा : म्हणजे चाहत्याने तोंडच उघडायचं नाही? मी बेनोनीला सरावाला कसा जाणार?

आत्या : बेनोनीला कशाला? सचिन आणि अर्शिन महाराष्ट्राकडून खेळतात. त्या वयोगटातले महाराष्ट्राचे सामने पुण्यात होतात. कूचबिहार करंडक, विनू मांकड करंडक, सोळा वर्षांखालच्यांचा विजय मर्चंट करंडक. तू या हंगामात किती पाहिलेस?

भाचा : नाही पाहिले. खरं सांगायचं तर कधीच पाहिले नाहीत.

आत्या : मी तुला दोष देत नाही. कोणीच पाहत नाही. पण मग असं होतं, की वर्षभर आपल्याला या मुलांचं नावही माहीत नसतं. फायनलला पोचले की ती आपली होतात, आणि हरली की आपण त्यांचे मालक होतो.

भाचा : ठीक आहे, हे मान्य. पण मला एक सांगायचंय, तेही तू मान्य करशील. महाराष्ट्राने शेवटचा रणजी करंडक कधी जिंकला? १९४०-४१ ला, देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्याला आता ऐंशीहून जास्त वर्षं झाली. २०१३-१४ ला अंतिम सामना गाठला, तिथे कर्नाटकाने हरवलं. आपण पुण्यात बसून ‘चांगले खेळले, चांगले खेळले’ म्हणत राहिलो आणि इतक्या पिढ्या कोऱ्या गेल्या. मुंबईला का नाही असं वाटत? कारण तिथे हरून घरी आलेल्याला मैदानातले जुनेजाणते खेळाडू उभं राहू देत नाहीत. ‘विकेट फेकलीस’ असं तोंडावर सांगतात. मला तो कडवेपणा हवाय.

आत्या : मुंबईचा कडवेपणा मलाही हवा. पण तो येतो कुठून ते बघ. तिथे कांगा लीगच्या सामन्यालाही जाणकार माणूस तंबूपाशी उभा असतो. शिवाजी पार्कात पोराचा खेळ पाहायला म्हातारे खेळाडू येतात. ते ‘विकेट फेकलीस’ म्हणतात, कारण आधीच्या दहा डावांत ती कशी राखली होती हे त्यांनी पाहिलेलं असतं. तो कडवेपणा हजेरीतून आलाय. नुसत्या रागातून तसा येत नाही. आणि देवधरांचं नाव काढलंस म्हणून सांगते. १९४० मध्ये मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. याच पुण्याच्या माणसाने दाखवून दिलंय, की क्रिकेटमध्ये एकोणिसावं वर्ष म्हणजे शेवट नव्हे.

भाचा : पण मग प्रशिक्षकाचं काय? त्याला तर मोठा माणूस म्हणून विचारू की नाही? कानिटकर आपला पुण्याचा, म्हणून सूट द्यायची?

आत्या : विचार ना, जरूर विचार. दोनच वेगवान गोलंदाज घेऊन का उतरलो, उसळत्या चेंडूचा सराव किती झाला, हे प्रश्न रास्त आहेत आणि ते मोठ्या माणसाला विचारायचे आहेत. पण त्याच कानिटकरच्या हाताखाली २०२२ ला हाच कप आला होता, तेही लक्षात ठेव. आणि त्याच्याकडून एक गोष्ट शिक. १८ जानेवारी १९९८, ढाका.

भाचा : दोन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या, अंधारून आलं होतं, सकलेनला चौकार! ३१५ चा पाठलाग पूर्ण झाला. मी लहान होतो, वाड्यात सगळे नाचत होते ते आठवतं.

आत्या : सगळ्यांना तो एकच चेंडू आठवतो. त्यानंतर त्याला दोनच कसोटी आणि एकूण चौतीस एकदिवसीय सामने मिळाले. पण तो थांबला नाही. प्रथम श्रेणीत दहा हजारांवर धावा केल्या, राजस्थानला २०१०-११ आणि २०११-१२ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकून दिला. एका चेंडूने मोठा झालेला माणूस एका चेंडूवर जगला नाही. मग एका डावाने छोटी झालेली मुलं त्या डावावर का म्हणून अडकून पडतील? त्यांना हे समजावायला कानिटकरहून योग्य माणूस शोधून सापडणार नाही.

भाचा : तू त्या ऑस्ट्रेलियाच्या हरजस सिंगचा डाव पाहिलास? आई-वडील चंडीगडहून सिडनीला गेलेले. ५५ केल्या, सामन्यात सर्वांत जास्त. आपल्याच मातीतल्या मुलाने आपल्याला हरवलं, हेही लागलं.

आत्या : त्याच्याकडून लागायचं काही नाही, घ्यायचं आहे. आधीच्या सामन्यांत त्याच्या धावाच होत नव्हत्या. तरी त्यांनी त्याला अंतिम सामन्यात उतरवलं आणि तो तिथे खेळला. आपल्याकडे असा मुलगा असता तर उपांत्य फेरीच्या आधीच त्याला बसवा म्हणून गिल्ला झाला असता. ओरडणाऱ्यांचा दबाव निवडीपर्यंत पोचतो, मैदानातही पोचतो. २०२० मध्ये पॉचेफस्ट्रूमला बांगलादेशकडून हरल्यावर मैदानातच धक्काबुक्की झाली, आठवतंय? आयसीसीने पाच खेळाडूंवर कारवाई केली, दोन आपले होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना हार म्हणजे जगबुडी वाटावी, हे त्यांना कोणी शिकवलं? आपणच.

भाचा : ते वागणं मलाही शरमेचं वाटलं होतं. पण तू त्याच पॉचेफस्ट्रूमचं दुसरं काही सांगणार होतीस ना मागे?

आत्या : हो. २९ जानेवारी २०२३. मुलींच्या एकोणीस वर्षांखालच्या पहिल्याच विश्वचषकाचा अंतिम सामना त्याच गावात झाला. आपल्या मुलींनी इंग्लंडला ६८ धावांत गुंडाळलं आणि सात गडी राखून कप जिंकला. भारतीय महिला क्रिकेटचा तो पहिला विश्वचषक. त्या रात्री पेठेत किती फटाके वाजले?

भाचा : नाही वाजले.

आत्या : जिंकलेलं ज्याला आठवत नाही, त्याने हरलेलं एवढं मनाला लावून घेऊ नये. निदान बोलण्याआधी विचार करावा.

भाचा : बरं, माझं शेवटचं ऐक. मी तुझ्याशी अर्धा सहमत आहे. शिवीगाळ नको, लायकी काढायची नाही, मुलांना मोठ्यांच्या पराभवाचा हिशेब मागायचा नाही. पण हरल्याचं दुःख मी झाकणार नाही, आणि ‘खेळ आहे, हार-जीत चालायचीच’ हे वाक्य मी कधीच म्हणणार नाही. हरल्याचं ज्याला काहीच वाटत नाही तो चाहता कसला? अंतिम सामन्यापर्यंत सहाही सामने जिंकणाऱ्या संघाकडून मी कप मागणारच.

आत्या : माग. मागण्यात वाईट काही नाही. मीही रडले काल, फक्त तुला दिसलं नाही. दुःख कर, जाब विचार, पण खेळ पाहून विचार. आणि महाराष्ट्राच्या मुलांचा पुढचा सामना पुण्यात लागला, की माझ्याबरोबर यायचं. नाही म्हणायचं नाही.

त्या सकाळी त्यांचं बोलणं इथेच थांबलं. मतं पूर्ण जुळली नाहीत, आणि जुळायला हवीत असंही नाही. भाच्याचा कडवेपणा खेळाला लागतो. ज्या शहराला हरल्याचं दुःख होत नाही, त्या शहरातून विजेते घडत नाहीत. आत्याचा धीरही तितकाच लागतो, कारण अठराव्या वर्षी तोंडावर फेकलेला शब्द पोराच्या मनातून लवकर जात नाही. पण हक्काचा प्रश्न निघाला तर माझा कौल आत्याच्या बाजूने आहे. हरलेल्या मुलांना कठोर बोलायचा हक्क त्यालाच आहे, जो त्यांचा खेळ आधी पाहत होता आणि नंतरही पाहणार आहे.

पुढे काय झालं ते आता सगळ्यांसमोर आहे. बेनोनीत २२ धावांवर त्रिफळाचीत झालेल्या मुशीर खानने त्याच महिन्यात मुंबईसाठी रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध नाबाद २०३ धावा केल्या. एकोणीस पूर्ण व्हायला तेव्हा त्याला काही दिवस बाकी होते. मार्चमध्ये विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने १३६ धावा केल्या आणि मुंबईने करंडक जिंकला. आणि २००६ मध्ये कोलंबोत चार धावांवर बाद झालेल्या, अहमदाबादला हरलेल्या रोहितने २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक उचलला. ज्यांनी ११ फेब्रुवारीच्या रात्री त्या मुलांचा निकाल लावून टाकला होता, त्यांचा निकाल दोन आठवडेही टिकला नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. हंगाम सुरू झाला की महाराष्ट्राच्या सोळा आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलामुलींचे सामने कुठे आहेत ते पाहा. पुण्यात असतील तर एक दिवस काढून जा. बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही आणि बसायला जागाच जागा असते. चांगल्या फटक्याला टाळी द्या, चुकलेला फटका नीट पाहून ठेवा, मुलांची नावं लक्षात ठेवा. मग पुढच्या विश्वचषकात ती मुलं जिंकोत वा हरोत, तुम्ही जे बोलाल ते त्यांच्या उपयोगाचं असेल.